पाठमोऱ्या बाया

१

दुपारची जेवणं आटोपली की आमच्या घरी गाणं लागायचं. रत्नमाला, म्हणजे माझी बायको, म्हणायची की दुपारची जेवणं आटोपली की ह्यांचं डोकं वायरींमध्ये जातं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दुपारी घरी नसतेच, तरी तिला सगळं ठाऊक असतं.

माझी उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. बोलण्यातली खरखर, मध्येच घुसणारी दुसऱ्या कोणाची लाइन, भिजलेल्या जोडातून येणारी कुईकुई, हे ऐकून ऐकून माझे कान विटले होते. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हाच ठरवलं, आता ऐकायचं ते स्वच्छ. भंडाऱ्याजवळ कारध्याला घर बांधलं तेव्हा भिंतीला प्लास्टर व्हायच्या आधी आतल्या खोलीपासून हॉलपर्यंत मी स्वतःच्या हाताने केबल टाकली. गवंडी हसत होता. हस म्हटलं.

व्यवस्था साधी होती. आतल्या खोलीत संगणक, त्यात सगळी गाणी. सीडीपेक्षा कितीतरी बारीक मोजमापाने साठवलेल्या मोठाल्या फायली. भिंतीतल्या केबलने गाणं हॉलमध्ये येतं, तिथे स्ट्रीमर नावाचा एक छोटा डबा ते उचलतो आणि अॅम्प्लिफायरला देतो. पुढे दोन स्पीकर, माझ्या छातीएवढे उंच. ह्या सगळ्यातली खुबी एवढीच की फायलीत जे आहे तेच स्पीकरपर्यंत पोचतं. वाटेत कोणी भर घालत नाही, कोणी काही काढून घेत नाही. ह्या एका गोष्टीवर माझा फार विश्वास होता.

दोन स्पीकरच्या बरोबर समोर एक खुर्ची ठेवलेली असायची. तिथे बसलं की गाणारा समोर उभा वाटतो, तबला कोणत्या हाताला, पेटी किती मागे, सगळं दिसल्यासारखं होतं. त्या खुर्चीत मी रत्नमालालाही बसू देत नसे. मायला लकवा झाला तेव्हा ती खुर्ची मी मायला दिली.

२

माझ्या मायचं नाव पंचफुला. तिची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डोकं शाबूत होतं. समोरचं सगळं तिला कळायचं, डोळ्यांत यायचं आणि तिथेच अडकायचं. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, ओळखीचे आवाज ऐकवत राहा, तिचा स्वतःचा आवाज असेल तर फारच छान. मी तिथल्या तिथे हरखलो. तिचा आवाज माझ्याकडे होता.

मोहाडीजवळच्या आमच्या गावात मायची रोवण्याची टोळी नावाजलेली. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, उलटा चालतो, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. बाया पाणी साचवलेल्या बांधीत एका रांगेत वाकतात, पुढ्यातल्या चिखलात पऱ्ह्यांची रोपं रोवतात आणि एकेक पाऊल मागे सरकतात. मागे खळगा आहे की धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोणाला दिसत नाही. म्हणून आमच्या टोळीत एकीने पुकारायचं आणि बाकीच्यांनी तिच्या पुकाऱ्यावर सरकायचं, अशी रीत होती. माय मान वळवून मागचं बघायची आणि चालीत एकेकीचं नाव घ्यायची, “सरक वो केशर मांगं.” केशरबाई म्हणायची, “हाव वो बाई,” आणि पाय मागे घ्यायची. मग शकुबाई, मग बाकीच्या. नाव आल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नसे.

ते गाणं मी बऱ्याच वर्षांपूर्वी चांगल्या रेकॉर्डरवर घेतलं होतं. माय तेव्हाच गुडघ्यांनी बेजार होती. ती रेकॉर्डरपाशी धुऱ्यावर बसून पुकारत होती आणि बाया बांधीच्या पलीकडच्या टोकापासून आमच्याकडे पाठ करून येत होत्या. रांगेत मधोमध मायची जागा असायची. ती त्यांनी मोकळी सोडली होती. जिची पात तिचीच, ती बसून असली तरी दुसरी तिथे वाकत नाही.

त्या रांगेतल्या बाया आता नाहीत. केशरबाई आधी गेली, मग एकामागून एक सगळ्याच. शकुबाई गेली ती शेवटची. टोळीतली म्हणून उरली ती फक्त माय.

पहिल्या दिवशी गाणं लावलं तेव्हा माय रडली. मीही रडलो. इतका स्वच्छ तिचा आवाज त्या हॉलमध्ये भरला की मला बांधीतल्या पाण्याचा वास आल्यासारखं झालं. “सरक वो शकू मांगं,” समोरून माय म्हणत होती आणि खुर्चीतली माय डोळे पुसायला डावा हात वर नेत होती. लगेच मी ठरवून टाकलं की हे रोज लावायचं.

३

माझ्यासारख्या माणसाला प्रत्येक आवाजाची जागा पाठ असते. बाया खूप लांबून सुरू व्हायच्या. केशरबाईचा “हाव वो” डाव्या स्पीकरच्या मागून, खिडकीच्याही पलीकडून आल्यासारखा यायचा, शकुबाईचा उजवीकडून, कंपाउंडच्या भिंतीपाशी. गाणं संपेपर्यंत त्या थोड्या अलीकडे येत, तरी खिडकीबाहेरच राहत. मायचा आवाज तेवढा जवळ, खुर्चीला लागूनच.

एका दुपारी केशरबाई खिडकीच्या आत होती.

आधी मी लक्ष दिलं नाही. मग गाणं थांबवून पुन्हा लावलं, तर ती आणखी थोडी आत. मला रागच आला. कामवालीने पोछा मारताना स्पीकर हलवले असणार, दुसरं काय! फरशीवर स्पीकरच्या जागांना मी चिकटपट्टीने खुणा केल्या आहेत. रत्नमाला त्यांना माझ्या लक्ष्मणरेषा म्हणते. वाकून पाहिलं तर स्पीकर खुणांवर होते, केसभरही हललेले नव्हते. पडदे तेच होते, खुर्चीही जागेवर होती.

गाणं तेवढ्याच लांबीचं होतं. तेच शब्द, तीच चाल, मध्ये कोणीतरी खोकलं होतं तो खोकलाही जागच्या जागी. फक्त काल जिथे बाया थांबल्या होत्या तिथून त्या आज सुरू झाल्या होत्या. असं मी मनाशी बोललो आणि माझं मलाच हसू आलं. फायलीला काल-आज काय कळतं?

संध्याकाळी रत्नमालाला बसवून ऐकवलं. तिने मन लावून ऐकलं आणि म्हणाली, “मले तं गाणंच ऐकू येते बापा. छान वाटते. कोणाले कुठी उभं करून राहिले तुम्ही?”

मी म्हटलं, राहू दे.

४

फाइल बदलली की नाही हे पाहायची एक पक्की युक्ती आहे. संगणक फायलीतला कणन् कण मोजून एक लांबलचक आकडा काढून देतो. फायलीत कुठेही तीळभर फरक पडला तर आकडा पार वेगळा येतो. रेकॉर्डिंगची एक प्रत मी जुन्या डिस्कमध्ये कपाटात ठेवली होती. तिचा आकडा काढला, संगणकातल्या फायलीचा काढला. दोन्ही तंतोतंत सारखे.

मग मी कपाटातली प्रत लावली. हॉलमध्ये बाया खिडकीच्या आत.

भिंतीतली केबल सोडून वाय-फायवर लावलं, तरी आत. स्ट्रीमर काढून संगणकच उचलून अॅम्प्लिफायरला जोडला, तरी आत. फोनवर लावलं तर साधं गाणं, लहानसं, कुठलं जवळ नि कुठलं लांब. हेडफोन लावले तर केशरबाई पूर्वीसारखी लांब, बांधीच्या टोकाला. ते ऐकून मला इतकं हायसं वाटलं! हेडफोन काढून मी बसून राहिलो आणि मग हळूहळू लक्षात आलं की ह्याचा अर्थ फायलीत दोष नाही, वायरीत नाही, यंत्रांत नाही. उरला फक्त हॉल. नोकरीत असताना तक्रार आली की मी खांबापासून घरापर्यंत जोड तपासत जायचो आणि शेवटी दोष सापडायचाच. इथे सगळे जोड ठीक होते आणि दोष चालत होता.

मी बंदच केलं असतं. पण त्याच आठवड्यात माय हलली.

गाणं सुरू होतं, शकुबाईचं नाव झालं आणि मायचा डावा हात मांडीवरून उठला. पुढे गेला, खाली आला, पुन्हा पुढे गेला. ओठही हलले. घशातून काहीतरी निघालं, घोगरं, अर्धं, पण लकव्यानंतरचा तो पहिला आवाज होता. मी गुडघ्यांवर बसून तिचा हात धरला तर तिने तो सोडवून घेतला आणि पुन्हा पुढे केला.

“रोवणा करून राहिली माय!” मी रत्नमालाला फोनवर ओरडून सांगितलं. ती शाळेतून धावत आली. डॉक्टरांना सांगितलं तर तेही खूश झाले, म्हणाले, जे करताय ते अजिबात थांबवू नका.

५

अंकुश आमच्या गावचा, नात्याने माझा चुलतभाऊ लागतो. लग्नांमध्ये मोठमोठे स्पीकर लावून लोकांच्या छातीत धडधड करायचा त्याचा धंदा आहे. माझ्या यंत्रांना तो देवघर म्हणतो. मायला बघायला आला तेव्हा मी त्याला काही न सांगता गाणं लावलं. म्हटलं, ह्याचे कान कामातून गेलेले आहेत, ह्याला जाणवलं तर खरं.

त्याने डोळे मिटून ऐकलं. मायचा हात पुढे गेला तेव्हा कौतुकाने पाहिलं. मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

“जीवनदादा, ह्या बाया कोणीकडे तोंड करून गाऊन राहिल्या?”

“तिकडे. भिंतीकडे. रोवणा आहे ना, पाठ आपल्याकडे.”

“तेच म्हणतो मी. आवाज पाठीमागून ऐकल्यावानी दबका येते. पण इतक्या जवळून काहून येते? आं?” त्याने हात लांब केला. अॅम्प्लिफायरच्या जरा अलीकडे, हवेत. “हे एथी आहे केशरमावशी. तू माईक कुठी ठेवला होता, तिच्या कमरेले बांधला होता का?”

मी हसलो नाही. मला हुश्श झालं. म्हणजे ते होतं. माझ्या डोक्यात नव्हतं.

“पहिले त्या खिडकीबाहेर होत्या,” मी म्हणालो.

अंकुशने माझ्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे. गाण्यात पाय उचलल्याचा आवाज झाला, चिखलातून निघताना होतो तसा. त्याने आपले पाय आपोआप खुर्चीखाली ओढून घेतले. थोड्या वेळाने त्याला कोणाचा तरी मांडव आठवला. बाहेर गाडीला किक मारता मारता म्हणाला, “दादा, तू मोठा इंजिनेर आहे, मी काय सांगू तुले. पण रांग आली की तिले कुठी तरी थांबा लागते ना? धुरा आला की बाया थांबते. तुह्या हॉलात धुरा कुठी आहे?”

धुऱ्यावर माय बसली होती, एवढं मला आठवलं.

६

तरी मी गाणं लावत राहिलो. कोणी मला मूर्ख म्हणेल तर म्हणू दे, पण ज्याची आई मुकी होऊन समोर बसली आहे त्याने माझ्या जागी येऊन पाहावं. रोज तिच्या घशातून काहीतरी नवं निघत होतं. एक दिवस ‘न’ निघाला. एक दिवस ती चक्क “जी” म्हणाली आणि मला कळलं की ती माझं नाव घ्यायला निघाली आहे. त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले.

गाणं नसलं की ती गप्प बसायची. मी मुद्दाम करून पाहिलं. एक आख्खा दिवस यंत्रं बंद ठेवली, तर नुसती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी लावलं, आणि पहिल्या पुकाऱ्याला तिचं तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, घशात शब्द जमू लागला. हे सोडून द्यायचं तरी कसं? मी स्वतःला समजावत होतो की जवळ येणारा आवाज हा शेवटी आवाजच आहे. भिंतींचा परिणाम असेल, नव्या सोफ्याचा असेल, माझ्या कानात काही झालं असेल. अंकुशच्या कानातही तेच झालं असेल का, ह्या प्रश्नापाशी मी थांबायचो आणि चहा टाकायला उठायचो.

आता त्या बाया स्पीकरच्याही अलीकडे आल्या होत्या. हे कसं सांगावं समजत नाही. स्पीकरमधून आवाज येतो तो स्पीकरच्या पलीकडे असतो किंवा मधे असतो, असा सगळ्यांचा अनुभव आहे. हा आवाज फरशीवर होता. सोफ्यावर बसलं की शकुबाईचा “हाव वो” माझ्या गुडघ्यांच्या उंचीला यायचा, वाकलेल्या बाईचा येतो तसा खालून. मधे पाण्याचं डचमळणं, बांगड्यांची बारीक किणकिण, कंबर धरल्यावर निघतो तो उसासा. मी फरशीला हात लावून पाहायचो. कोरडी असायची.

आणखी एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. पूर्वी ते आवाज डावीकडून उजवीकडे सारखे पसरलेले होते. मधली एक जागा रिकामी असायची खरी, पण लांबून ती जाणवत नव्हती. आता जवळून जाणवत होती. डावीकडे बाया, उजवीकडे बाया आणि मधे काही नाही. ते काही नाही मायच्या खुर्चीच्या रेषेत होतं.

खुर्ची सरकवावी असं एकदा मनात आलं. मी ती हातभर उजवीकडे घेतली, गाणं लावलं आणि ऐकलं. मोकळी जागाही उजवीकडे आली होती. खुर्ची मी पुन्हा जागेवर ठेवली.

७

एका दुपारी मी फोनवरून हॉलच्या स्पीकरवर गाणं सुरू केलं आणि मायच्या मागे जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारी कोणीतरी वाळवण उलटत होतं.

“सरक वो केशर मांगं,” गाण्यातली माय म्हणाली.

“हाव वो बाई.” हे इतक्या जवळून आलं की मी चटकन खाली पाहिलं. खाली फरशी होती आणि मायचे पाय.

मायचा हात पुढे गेला. मी तो इतक्या दिवसांत शंभरदा पाहिला असेल, पण मागून कधी पाहिला नव्हता. मागून पाहताना तळवा दिसत नव्हता, बोटं वर उभी दिसत होती. पऱ्हे रोवणाऱ्या बाईची बोटं खाली असतात. माय काहीच रोवत नव्हती. ती ढकलत होती.

“जीवना,” माय म्हणाली.

आख्खं नाव, स्वच्छ, तिच्या जुन्या आवाजात. मी पुढे येऊन तिच्यासमोर वाकणार, तेवढ्यात तिने मान हलवली.

“बंद कर जीवना. मले नाई जायचं त्यायच्यात.”

ती किती दिवसांपासून हेच म्हणत होती, ते मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं तिला बोलणं येऊ लागलंय. ती मला थांबवायला धडपडत होती, आणि तिची धडपड पाहून मी गाणं पुन्हा पुन्हा लावत होतो.

फोनवर बोट ठेवलं तर ते घामाने घसरलं. मी फोन टाकला, खुर्चीला वळसा घालून भिंतीच्या कडेने धावलो आणि अॅम्प्लिफायरमागची वायर सॉकेटमधून ओढून काढली. गाणं तुटलं. गाण्यातल्या मायने शकुबाईचं नाव अर्धं घेतलं होतं.

मी उकिडवा बसलो होतो तसाच मागे वळून मायकडे पाहिलं. ती खुर्चीत होती, आमच्यामध्ये मोकळी फरशी होती, फरशीवर ऊन पडलं होतं. तिच्या मागे आमचं शोकेस आहे, काचेच्या दारांचं. काचेत आधी मायच्या खुर्चीची पाठ दिसली. सगळ्यात शेवटी मी दिसलो, तोंड उघडं. आणि आमच्या दोघांच्या मधे वाकलेल्या पाठी होत्या. खोचलेली लुगडी, पोटऱ्यांपर्यंत चिखल, पाण्यात राहून पांढऱ्या पडलेल्या टाचा. खुर्चीपासून एका पावलावर. मधोमध एकीची जागा सोडलेली होती.

मी फरशीकडे पाहिलं, तिथे ऊनच होतं. पुन्हा काचेत पाहिलं. त्या हलत नव्हत्या. नाव आलं नव्हतं ना.

“जीवना, गेल्या का त्या...” माय म्हणाली.

काचेत एक टाच उचलली गेली आणि मागे पडली. फरशीवर चिखलात पाय रुतल्यासारखा आवाज झाला.

मायनेही तो ऐकला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय बघतोय हे तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं, कारण ती वळली नाही. तिने डावा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला.

८

यंत्रं मी उतरवली, फाइल पुसली, कपाटातली डिस्कही फोडली. मायची खुर्ची आतल्या खोलीत नेली. पहिल्याच दिवशी पेज भरवताना तिला ठसका लागला, ठसक्यात थोडा आवाज निघाला आणि दारापाशी चिखल वाजला. तेव्हापासून मी तिला घोट घोट, अगदी हळू भरवतो.

मी ह्यावर फार विचार केला. फाइल नाही, यंत्र नाही, मग कशाच्या आधाराने त्या उभ्या आहेत? तपासायला माझ्या हातात एकही वायर उरलेली नाही. एवढंच कळतं की त्यांना तिचा आवाज लागतो, आता नावही लागत नाही. गाण्यातला होता तोवर गाण्यातला चालत होता. आता तिचा तिला परत मिळाला आहे आणि तो तिने वापरायचा नाही.

रत्नमालाला हे कसं सांगू? ती म्हणते, “इतकी छान बोलाले लागली होती माय, अन् तुम्ही काहून बंद केलं सारं? कोणाची दृष्ट लागली का काय.” डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, धीर सोडू नका, रोज बोलतं करत राहा. रत्नमाला रोज शाळेतून आल्यावर मायसमोर बसते आणि तिला आपलं नाव म्हणायला सांगते. माय ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघते. ती बोलू शकते हे आमच्या घरात दोघांनाच ठाऊक आहे. आणि माझ्या मायचा आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही, हे मनात येतं तेव्हा मला रडू येतं.

जागी असताना तिची काळजी नसते. दुपारी तिचा डोळा लागतो तेव्हा मी पलंगाला टेकून बसतो. झोपेत तिचे ओठ हलायला लागतात. जुनी सवय आहे, जन्मभर ज्या बायांना पुकारलं त्यांचीच नावं ओठांवर येत असणार. नाव बाहेर पडायच्या आत मी तिच्या तोंडावर हात ठेवतो आणि स्वप्न सरेपर्यंत दाबून धरतो. नाकाने तिला श्वास घेता येतो, तेवढं मी बघतो.

काल रत्नमालाच्या शाळेला अर्धी सुट्टी होती. ती कधी आली ते मला कळलं नाही. दारातून तिची किंकाळी आली.

“काय करून राहिले तुम्ही? सोडा! सोडा म्हणते ना तिले!”

तिने माझा दंड धरून ओढला. मी हात काढला नाही, कारण तळव्याखाली अजून शब्द हलत होता. मायने डोळे उघडले. रत्नमाला तिच्यापाशी वाकली, तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि रडत रडत म्हणाली, “माय, मले सांगा, काय करून राहिले हे तुम्हाले? बोला ना माय, एक शब्द तं बोला!”

मायने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिने डावा हात उचलून माझ्या हातावर ठेवला आणि होता तेवढा सगळा जोर लावून तो आपल्या तोंडावर दाबला.